ब्रेझोवारसाहेब हरवतात

आमच्या देशात माणसाला जन्माचा दाखला कचेरी देते, पण तो माणूस खरंच इथला आहे की नाही हे त्रिग्लाव ठरवतो. त्या शिखरावर एकदा जाऊन आल्याशिवाय माणूस पुरा झाला असं आमच्याकडे कुणी मानत नाही. हिंको ब्रेझोवारसाहेब चौपन्न वर्षांचे झाले होते, त्यातली सत्तावीस वर्षं तालुक्याच्या बांधकाम परवाना विभागात खुर्ची उबवण्यात गेली होती, आणि तरीही ते अपुरेच राहिले होते.

कचेरीतले बाकी सगळे पुरे होते. आवक-जावकवाली जाऊन आली होती, ड्रायव्हर चारदा जाऊन आला होता, आणि कँटीनच्या मिलेनाबाई तर पाचव्या महिन्यात असताना जाऊन आल्या होत्या. ही गोष्ट त्या सूप वाढताना आठवड्यातून एकदा तरी सांगत. ज्या मुलीच्या वेळची ही हकिगत, ती मुलगी आता वकील झाली, पण हकिगत काही जुनी होत नव्हती. कॉफीच्या वेळी विषय त्रिग्लावकडे वळला की ब्रेझोवारसाहेबांना नेमकी एखादी तातडीची फाईल आठवायची आणि ते कप हातात घेऊन खोलीत निघून जायचे.

साहेबांकडे मिरवण्यासारखं काहीच नव्हतं असं मात्र नाही. एक गोष्ट होती, ती म्हणजे नोंद. त्यांच्या हातून कधी चुकीची नोंद झाली नाही आणि त्यांच्या नजरेखालून दुसऱ्याची चुकीची नोंद कधी सुटली नाही. बायकोच्या सख्ख्या भावाने अर्जात गॅरेजची रुंदी तीन मीटर लिहिली. साहेब स्वतः टेप घेऊन गेले, दोन मीटर चौऱ्याण्णव भरली, अर्ज परत. मेहुणा त्यानंतर नाताळला जेवायला आला नाही. तालुक्यात लोक त्यांच्याबद्दल पुष्कळ बोलत आणि त्यातलं बहुतेक चारचौघांत सांगण्यासारखं नाही, पण ब्रेझोवारने खोटं लिहिलं असं त्यांचा वैरीही म्हणाला नसता. डोक्यावर केस नाहीत, बारा वर्षांत बढती नाही, अशा माणसाची ही एवढीच कमाई होती आणि तिला ते जिवापाड जपत.

चौपन्नाव्या वाढदिवसाला कचेरीतल्यांनी वर्गणी काढून त्यांना एक भलीमोठी पाठपिशवी आणि लालभडक डोंगरी बूट भेट दिले. सोबतच्या कार्डावर 'वर भेटू' एवढंच लिहिलं होतं. यातला खवचटपणा पिशवीच्या पट्ट्यांसकट सगळ्यांना कळला होता, साहेबांनाही कळला. पण काही माणसांना चिडवलं की ती चिडतात, आणि काही माणसं त्याचा ठराव मंजूर करतात. साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आपण रजेवर आहोत आणि सात सरोवरांच्या खोऱ्यातून त्रिग्लावला जाणार आहोत.

सोबतीला चिरिल. चिरिल झ्निदार हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र, गावातल्या दातांच्या तीन डॉक्टरांना कवळ्या बनवून देतो. त्याचे गुडघे कुरकुरतात, पोट पुढे आलेलं आहे, आणि माणसाशी बोलताना त्याचं लक्ष डोळ्यांकडे नसून दाढांकडे असतं. तो का निघाला याचं कारण त्याने लपवलं नाही. सरोवरांच्या पलीकडे एका कुरणावर कोचा आहे, म्हणजे डोंगरातली उतरायची जागा, आणि तिथे कुट्टूच्या पिठाची उकड घट्ट आंबट दुधाबरोबर मिळते, असं त्याने ऐकलं होतं. शिखर वगैरे तुझं तू बघ, असं त्याने आधीच बजावलं.

आता बेत जाहीर झाल्यावर शेजारी गप्प बसते तर ते आमचे शेजारी कसले. तळमजल्यावरच्या पावलाबाईंनी मोज्यात चिरलेला कांदा घालून चालायला सांगितलं, त्याने फोड येत नाहीत म्हणे. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त रेल्वेवाल्याने चाळीस मीटर दोर आणून दिला. चौथ्या मजल्यावरच्यांनी बर्फातली कुऱ्हाड दिली. ऑगस्टमध्ये त्या वाटेवर बर्फ नसतो हे त्यांनाही ठाऊक होतं, पण नेली नाही की नेमका बर्फ पडतो असा त्यांचा अनुभव होता. कुणी कढई दिली, कुणी सर्पदंशावरची बाटली दिली. साहेबांना चालता येतं का, हे मात्र एकाही शेजाऱ्याने विचारलं नाही. न्हाणीघरातल्या काट्यावर पिशवी एकवीस किलो भरली. त्यात चिरिलने एक पोटित्सा कोंबली, कारण अक्रोडाच्या गोड पावाशिवाय डोंगर चढणं त्याला अमानुष वाटत होतं.

तेवढ्यात साहेबांना आठवलं की गिर्यारोहण मंडळाचं सभासदपत्र हवं. मंडळात ऐंशीच्या घरातल्या एक बाई टेबलामागे बसल्या होत्या. अर्जात 'यापूर्वी सर केलेली शिखरे' असा रकाना होता आणि त्यात तीन ओळी रिकाम्या सोडलेल्या होत्या. साहेबांनी पहिल्या ओळीत स्वच्छ अक्षरात 'नाही' असं लिहिलं, कारण खरं तेच लिहायचं. बाईंनी चष्मा वर केला, 'नाही' वाचलं, साहेबांच्या टकलाकडे पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, "अरेरे." बाकी काही नाही. मग त्यांनी रजा-अर्जावर मारावा तसा शिक्का मारला. सत्तावीस वर्षांत शेकडो लोकांचे अर्ज साहेबांनी परत पाठवले होते, पण कुणाला अरेरे म्हटलं नव्हतं. तो शब्द त्यांना पुढचे आठ दिवस जेवताना आठवत राहिला.

पहिल्या दिवशी ते कोमार्चाची भिंत चढले. तिला आम्ही भिंत म्हणतो कारण ती भिंतच आहे. कोमार्चावरून काळ्या सरोवराला पोचायला लोकांना अडीच तास लागतात, या दोघांना सहा लागले. त्यात आणखी एक जाच असा की आमच्या डोंगरात वाटेवर भेटेल त्या प्रत्येकाला नमस्कार करावा लागतो. साहेबांना श्वास पुरत नव्हता आणि वरून माणसांची रांग उतरत होती. दीडशे नमस्कारांनंतर त्यांनी नुसती मान हलवायला सुरुवात केली, तेव्हा एका आजीबाईंनी थांबून, ह्या माणसाला बरं वाटत नाहीये का, अशी चिरिलकडे चौकशी केली.

आणि हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात, मग समोर मंत्री असो की मेंढपाळ. ही रीत साहेबांना ठाऊक होती, पण ती आपल्याला लागू होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. गावात त्यांना 'तू' म्हणणारी माणसं दोनच, बायको आणि चिरिल, आणि बायकोसुद्धा पाहुण्यांसमोर 'अहो' म्हणते. इथे विशीतली एक पोरगी, पाठीवर त्यांच्या दुप्पट ओझं, त्यांना ओलांडून जाताना म्हणाली, "बस जरा, बाबा. तुझा चेहरा बुटांसारखा झालाय." साहेब बसले, पण आज्ञा पाळली असं वाटू नये म्हणून आधी दोन पावलं चालून मग बसले. काळं सरोवर आलं तेव्हा त्यांनी ते एका बुटाची नाडी सुटेपर्यंत पाहिलं आणि दुसऱ्या बुटाची सुटेपर्यंत त्याची निंदा केली. कांद्याचा परिणाम एवढाच झाला होता की फोडांनाही कांद्याचा वास येत होता.

संध्याकाळी ते जोड-सरोवराच्या काठच्या कोचाला कसेबसे पोचले, सूप पिऊन आडवे झाले, आणि सकाळी न्याहारीला बसले तेव्हा दोघांचं एकमत झालं होतं. शिखर रद्द. आज डावीकडची खिंड ओलांडून उकडीच्या कुरणावर जायचं, तिथे मुक्काम, उद्या घर. साहेबांनी हा निर्णय फोडांकडे बघून घेतला होता आणि तो शहाणपणाचा होता. एवढ्यावर गोष्ट थांबली असती.

पण कोचा सोडताना वहीत नोंद करावी लागते. नाव, गाव, कुठून आलात, कुठे चाललात. कुणी परतला नाही तर कुठे शोधायचं हे त्या वहीवरून कळतं, म्हणून आमच्याकडे पोरंसोरंही ती मनापासून भरतात. साहेबांनी पेन घेतलं. मागे निवृत्त शिक्षिकांचा एक ताफा रांगेत उभा होता, सत्तरीच्या पुढच्या सहा जणी, काठ्या, टोप्या, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर वर्गात शिरल्यासारखा भाव. त्या शिखराला निघाल्या होत्या. साहेबांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं, कुठून आलो ते लिहिलं, आणि ते चौथ्या रकान्यापाशी आले. रांगेतली पहिली शिक्षिका त्यांच्या खांद्यावरून डोकावत म्हणाली, "आणि तुम्ही दोघं? खालीच का?"

'खालीच' या शब्दात मंडळातल्या बाईंचं ते 'अरेरे' जसंच्या तसं बसलेलं होतं. साहेबांच्या हाताने सरळ, टपोऱ्या, सरकारी अक्षरात लिहिलं, 'त्रिग्लाव'. आणि खाली रेघ मारली.

कोचावाल्याने ते वाचलं, म्हणाला शाब्बास, वायरलेसवर वरच्या कोचाला सांगतो, तुमच्या दोघांच्या खाटा राखून ठेवतील. साहेब म्हणाले, ठेवा. एकदा रेघ मारल्यावर दुसरं काय म्हणणार.

बाहेर आल्यावर चिरिलने विचारलं, "हिंक्या, आत काय लिहिलंस?"

"लिहायचं ते लिहिलं."

"ती बाई मला म्हणाली, वर भेटू. मी कुठे वर चाललोय?"

"आपण थोडं वर जाऊ, मग खाली जाऊ. थोडं वर गेलं की ती नोंद अगदीच खोटी राहत नाही."

चिरिलने त्यांच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि तोंड उघडलंच आहे तर त्यात पोटित्साचा तुकडा टाकला. पुढे जे झालं त्यात त्या तुकड्याचाही वाटा आहे.

वर जाणंही सोपं नव्हतं, कारण शिक्षिका मागोमाग होत्या. एका धोंड्याआड साहेब नाडी बांधायला बसले, की या पुढे जातील. त्या थांबल्या. मागे कुणाला सोडायचं नाही असा त्यांचा नियम होता. साहेबांनी एका बुटाची नाडी अकरा वेळा बांधली. शेवटी चिरिलने, याला पोटाचा त्रास आहे, तुमच्यासमोर सांगायला लाजतोय, असं सांगून टाकलं. शिक्षिकांनी दोन गोळ्या दिल्या, तिसरी खडीसाखरेसारखी चघळायला दिली आणि पुढे गेल्या. मग सत्तावीस वर्षांच्या चोख नोकरीचे धनी कमरेत वाकून, झुडपांच्या आडून, कोचाच्या खिडक्या चुकवत खिंडीकडे निघाले. पाठीवरची कुऱ्हाड मात्र झुडपांच्या वर उभी राहून सगळ्या खोऱ्याला दिसत होती.

कुरणावरचा कोचा दुपारी गाठला. खाली लहानसं सरोवर, गाईंच्या घंटा, आणि चुलीवर उकड. आमच्या रीतीप्रमाणे त्यांनी बूट दाराशी काढले आणि तिथल्या लोकरी सपाता पायात घातल्या. ते लाल बूट, कुऱ्हाड आणि दोर सगळं ओसरीमागच्या लाकडांच्या खोपटात गेलं. वाढणारी नेझा वही पुढे करून म्हणाली, नाव घाल. साहेब म्हणाले, उद्या जाताना घालतो. कारण इथे नाव घातलं असतं तर ते कुठून आले आणि कुठे गेले नाहीत हे कागदावर आलं असतं. एक चुकीची नोंद लपवायला त्यांनी दुसरी नोंदच केली नाही, आणि हे आपल्याला किती सहज सुचलं याचं त्यांना थोडं कौतुकही वाटलं. संध्याकाळी वादळ आलं, कडाडून वीज पडली, आणि साहेब उबदार पायांनी दुसरी वाटी दूध प्यायले.

सकाळी खिडकीबाहेर धुकं होतं आणि ओसरीवर डोंगर बचाव पथकाचे पाच जण उभे होते. हे लोक पगारी नसतात. कुणी सुतार, कुणी बेकरीवाला, कुणी शेतकरी. कुणी हरवलं की कामधंदा टाकून निघतात. त्यांचा पुढारी गाश्पेर ओदार नावाचा, पन्नाशीचा, दाढीत पाणी ठिबकत असलेला शेतकरी. त्याने खोलीत येऊन, कुणाचा नाश्ता थांबवल्याबद्दल माफी मागून सांगितलं की काल दोन वयस्कर गृहस्थ जोड-सरोवराहून त्रिग्लावला निघाले, वरच्या कोचाला पोचलेच नाहीत. सहा शिक्षिकांनी सांगितलं की त्यांतल्या एकाचं पोट बिघडलं होतं आणि तो वाटेत मागे राहिला. धुक्यामुळे हेलिकॉप्टर उडत नाही. सात माणसं पहाटेपासून वरच्या पठारावर खळग्याखळग्यात उतरून बघतायत. इथे जे धडधाकट आहेत त्यांनी तासभर खालच्या वाटा बघितल्या तर मदत होईल.

चिरिलच्या हातातला चमचा उकडीत उभा राहिला. त्याने टेबलाखालून साहेबांच्या सपातीवर पाय दिला. साहेबांचे कान लाल झाले होते, पण ते 'वयस्कर' या शब्दाने. बाकीचं त्यांना जरा उशिरा कळलं, आणि कळल्यावर ते उठले नाहीत. तासाभरात सगळं थंड होईल, असं त्यांना वाटलं. कुणी सापडलं नाही की हे लोक आपोआप घरी जातील. कचेरीत अशाच पद्धतीने पुष्कळ प्रकरणं मिटतात.

नेझाने त्यांना गोठ्यातले रबरी बूट दिले, आणि हिंको ब्रेझोवारसाहेब स्वतःला शोधायला बाहेर पडले.

सूचना अशी होती की दर वीस पावलांवर थांबायचं आणि दोघांच्या नावाने हाक मारायची. चिरिल साहेबांपासून तीन हात अंतरावर उभा राहून पूर्ण ताकदीने ओरडला, "हिंकोऽऽ". साहेब दात आवळून म्हणाले, हळू. चिरिल म्हणाला, हळू हाक मारून हरवलेला माणूस सापडतो का, आणि पुन्हा ओरडला. मग लोक बघताहेत म्हणून साहेबांनाही "चिरिलऽऽ" असं करावं लागलं. चिरिलने वळून, एवढाच जीव आहे का तुझा माझ्यावर, असं विचारलं. एका झाडामागे त्यांना सापडल्या त्या दोन गाई. त्या मात्र त्यांच्याकडे अशा बघत होत्या जणू त्यांना सगळं माहीत होतं.

तासाने सगळे परत आले आणि शोध थंड झाला नव्हता. गाश्पेर वायरलेस पुढ्यात घेऊन चुलीजवळ बसला होता, नेझा चहा ओतत होती. पथकातला एक तरुण सुतार म्हणाला, "गाश्पेर, मला वाटतं हे दोघं वर गेलेच नाहीत. घाबरले असतील आणि मधूनच कुठेतरी उतरले असतील. लोक वहीत वाट्टेल ते लिहितात."

गाश्पेर म्हणाला, "लोक लिहितात. हा नाही लिहिणार."

"तू ओळखतोस त्याला?"

"तोंड पाहिलं नाही कधी. दाराआड बसतो, पत्राने उत्तर देतो. माझ्या गवत वाळवायच्या मांडवाचा अर्ज चार वेळा परत पाठवलाय त्याने. सहीवरून ओळखतो." खोलीत हसू पिकलं. कुणी म्हणालं, मग राहू दे की त्याला खळग्यात, तालुक्यात मांडव तरी उभे राहतील. गाश्पेर हसला नाही. "कीड आहे तो, मान्य. पण त्या किड्याने आजवर एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. त्याच्या घरी फोन केला मी पहाटे. बायको काय म्हणाली माहितीये? म्हणाली, त्यांनी लिहिलंय ना त्रिग्लाव, मग ते त्रिग्लावच्याच वाटेवर असतील, दुसरीकडे शोधत बसू नका. दुसऱ्या कुणाची नोंद असती तर मी सातही जणांना केव्हाच खाली बोलावलं असतं. या माणसाची आहे, म्हणून ते वर आहेत."

सत्तावीस वर्षांत त्यांच्या कामाबद्दल कुणी एक चांगला शब्द बोललं नव्हतं. आज बोललं, तेही परक्याने, भर खोलीत, आणि ते ऐकताना त्यांना जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं. आता तोंड उघडलं तर ती कमाई गेली. नाही उघडलं तर ती राहिली, आणि तिच्याच भरवशावर सात माणसं धुक्यात खळगे उतरत राहणार. चिरिल त्यांच्याकडे एकटक बघत होता, आणि पहिल्यांदाच दाढांकडे नाही, डोळ्यांकडे.

"तू सांगतोस की मी सांगू?" तो हळूच म्हणाला.

"थांब जरा. धुकं निघेल."

धुकं निघालं नाही. वायरलेस खरखरला. वरून आवाज आला की आपला बोरूत एका खळग्यात घसरलाय, घोटा गेलाय, उचलूनच आणावा लागेल. शुद्धीवर आहे, शिव्या देतोय. बाकीचे पुढच्या खळग्यात उतरतायत. गाश्पेरने डोळे मिटून घेतले. नेझा म्हणाली, बोरूत म्हणजे बेकरीवाला, त्याच्या बायकोला कोण सांगणार.

ब्रेझोवारसाहेब उभे राहिले. गुडघ्यापर्यंत गोठ्यातले बूट, अंगात चिरिलचा स्वेटर. घसा साफ करून ते म्हणाले, "ती नोंद खोटी आहे. तो ब्रेझोवार मीच."

कुणी दचकलं नाही. गाश्पेरने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. दमलेल्या माणसाला असं होतं, त्याने बरेचदा पाहिलं होतं. तो म्हणाला, "बस रे बाबा. चहा पी."

"मी सांगतोय ते खरं आहे."

"ब्रेझोवार खोटी नोंद करत नाही, तू ब्रेझोवार असतास तर तुला हे माहीत असतं. बस."

ओळखपत्र मागावं तर ते पाठपिशवीच्या तळाशी, दोराच्या आणि कढईच्या खाली, खोपटात. साहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा वायरलेसकडे, आणि मग त्यांनी हात मागे बांधले, जसे ते कचेरीत बांधतात. आवाज आपोआप कोरडा झाला. "अर्जदार गाश्पेर ओदार. काम, गवत वाळवण्याचा मांडव, सहा खांबी, लाकडी. पहिली त्रुटी, शेजाऱ्याची संमती पेन्सिलीने. दुसरी, जमिनीचा गट क्रमांक जुना. तिसरी, छपराची उंची दोन पानांवर दोन वेगळ्या. चौथी, आराखड्यात उत्तर दिशेचा बाण दक्षिणेकडे दाखवला आहे. बाणाची त्रुटी तिसऱ्या वेळेसही कळवली होती, अर्जदाराने ती दुरुस्त केली नाही."

पेन्सिलीची गोष्ट गाश्पेरने बायकोलाही सांगितली नव्हती. मग त्याने वायरलेस उचलला आणि सांगितलं की सगळे खाली या, दोघेही सापडले, धडधाकट आहेत. पलीकडून, कुठे सापडले, असं विचारलं असावं. तो म्हणाला, "उकडीजवळ." आणि बंद केला.

दुपारपर्यंत माणसं उतरली. साहेबांनी मनात सगळी तयारी केली होती, शिव्यांची, धक्काबुक्कीची, वर्तमानपत्राचीसुद्धा. तसं काही झालं नाही. चिखलाने भरलेले ते लोक आत आले, बूट काढले, चहा घेतला. एकाने साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून, जिवंत आहेस हे बरं झालं, असं म्हटलं आणि तो पाव कापायला गेला. बोरूतला बाकावर निजवलं होतं, घोटा टरबुजाएवढा झाला होता. साहेबांनी त्याची माफी मागितली तेव्हा तो म्हणाला की माफीचं नंतर बघू, आधी उद्याचे पाव कोण भाजणार ते सांग. चिरिल ताबडतोब म्हणाला, मी येतो. कवळ्या भाजणाऱ्याला पाव काय जड आहेत. साहेबांना कुणी काही काम सांगितलं नाही, आणि ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

शेवटी ते ओसरीवर गाश्पेरजवळ गेले. तो बूट घालत होता. साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुमचा अर्ज मी सोमवारी स्वतः हातात घेतो. मंजूर झाला असं समजा."

गाश्पेरने नाडी ओढून गाठ मारली. "बाण अजून दक्षिणेकडेच आहे ना?"

"आहे. पण त्याचं मी बघतो."

"मग परत पाठव."

"अहो, पण आज तुमच्यामुळे..."

"परत पाठव, हिंको. काल तू एक खोटं लिहिलंस, त्यात बोरूतचा पाय मोडला. आता दुसरं माझ्या नावावर लिहू नकोस. मांडव काय, वर्षभर थांबेल. आज खोलीत मी सगळ्यांसमोर सांगितलंय की तू खोटं लिहीत नाहीस. माझं एवढं तरी खरं राहू दे."

सोमवारी अर्ज पाचव्यांदा परत गेला. कारणाच्या रकान्यात साहेबांनी सरळ, टपोऱ्या अक्षरात 'उत्तर दिशेचा बाण चुकीचा' असं लिहिलं, सही केली, पाकीट बंद केलं. मग सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच ते पाकीट पुन्हा फोडलं, आणि आपण लिहिलंय ते खरं आहे ना, हे बघायला आराखडा उघडून बसले.